तुटला नाई, तोडला

आमच्या गावात कोणी काही करत नाही, सगळं आपलं आपण होतं. कप फुटतो. दूध उतू जातं. किल्ली हरवते, जमलेलं लग्न मोडतं, ट्रॅक्टरचा बोल्ट तुटतो. करणारा कुठंच सापडत नाही. घरात नाही, वावरात नाही, आणि बोलण्यात तर मुळीच नाही. मीही अशीच बोलत लहानाची मोठी झाले. आजही जीभ तिकडंच वळते, पण वळता वळता सरांचा जाड काचांचा चष्मा आठवतो आणि मी वाक्य पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. घरची माणसं वैतागतात. वैतागोत.

सर वडनेरचे, आमच्या गावापासून तीन-चार किलोमीटरवर. आयटीआयमध्ये फिटर ट्रेडच्या पोरांना कानस कशी धरायची हे शिकवण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. रिटायर झाल्यावर त्यांनी एकच काम धरलं. मोडून भोकात अडकलेले बोल्ट काढायचे. बस. इंजिन तापते म्हणून कोणी गेलं, तर "मिस्त्रीकडं जा." रोटावेटर उचलत नाही म्हणून गेलं, तरी "मिस्त्रीकडं जा." पण बोल्टचं डोकं निखळून पडलं आहे आणि धड आत बिडात, म्हणजे ओतीव लोखंडात, रुतून बसलं आहे, वरून पकडायला नखभर जागा नाही, असं सांगितलं की सर हातातला पेपर घडी घालून ठेवायचे. चप्पल घालायचे. मग उभ्या उभ्या पहिला प्रश्न.

"कोणं तोडला?"

या प्रश्नानं चांगली चांगली माणसं उलटी फिरली आहेत. एका मोठ्या शेतकऱ्याची गोष्ट सगळं वडनेर सांगतं. तो म्हणाला, "सर, तुटला ना जी. उभ्या उभ्या तुटला. कोणं हात नाई लावला." सर म्हणाले, "आपल्या मनानं तुटला?" तो म्हणाला, "हाव." सर म्हणाले, "मंग आपल्या मनानं निघन. मी कायले येऊ?" आणि चप्पल काढून पुन्हा पेपर उघडला. तो माणूस चिडून गेला, हिंगणघाटहून दुसरा कारागीर आणला, त्यानं विजेचं ड्रिल लावून भोकातले आटेच खाऊन टाकले. मग तिसऱ्या दिवशी हा पुन्हा सरांच्या दारात. आता म्हणतो, "सर, म्या तोडला. आवळताना जास्त जोर बसावा म्हणून पान्याले पाइप लावला होता." सर लगेच निघाले. जाताना एवढंच म्हणाले, "दोन दिस वाया घालवले ना तुवं."

त्यांचं म्हणणं साधं होतं. बोल्ट कसा मोडला ते कळलं नाही तर तो काढून उपयोग नाही, नवा लावला की तोही मोडणार. आणि कसा मोडला ते कळायला कोणी मोडला ते कळलं पाहिजे. हे मला आज पटतं. तेव्हा वाटायचं, हा म्हातारा लोकांचा पाणउतारा करायला टपलेला आहे.

कामाची तऱ्हाही अशीच. सायकलच्या कॅरिअरवर तरटाची वळकटी, हँडलला कापडी पिशवी. पिशवीत हातोडी, सेंटर पंच, हातानं फिरवायचं ड्रिल, डिझेलची बाटली आणि जुन्या कानशी घासून केलेले चौकोनी निमुळते खिळे. अंगात इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. वावरात पोहोचले की आधी तरट अंथरायचं, त्यावर सगळी अवजारं ओळीनं मांडायची. बघ्यांपैकी जो जास्त बोलेल त्याला काम. "तू बॅटरी धर. तू माश्या हाकल. तू तिकडं जाऊन उभा राह्य, तुही सावली पडून राह्यली." बोल्ट निघेपर्यंत चहा नाही, पाणी स्वतःच्या बाटलीतलं. बोल्ट निघाला की मात्र स्वतःच्या तोंडानं मागायचे, "आता चहा." मग दोन कप प्यायचे, आणि तिसऱ्याला नाही म्हणायचे नाहीत.

ही खोड बोल्टांपुरती राहिली असती तर लोकांनी चालवून घेतली असती. राहिली नाही. लाइट गेली म्हटलं की, "कुठं गेली? मायेरी गेली? कोणं बंद केली ते बोला." सांडलं म्हटलं की, "कोणं सांडवलं?" राहून गेलं म्हटलं तर विचारूच नका. काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, या सगळ्यावर एकदाच उतारा काढला. (काकूसुद्धा त्यांना सरच म्हणायच्या.) एके दिवशी सर आंघोळ करून आले तर चष्म्याची एक काच फुटलेली. त्यांनी तोंड उघडायच्या आधीच काकू म्हणाल्या, "सर, चश्मा फुटला नाई. म्या फोडला. हातानं फोडला, मुद्दाम फोडला. आता बोला." सर काय बोलणार? आठ दिवस तसाच एका काचेचा चष्मा लावून फिरले, आणि विचारणाऱ्या प्रत्येकाला खरं सांगत राहिले. काकूंना घराबाहेर निघायची चोरी झाली.

समुद्रपूरचा किस्सा मी काकूंच्याच तोंडून ऐकला. नात्यातल्या एका घरी दोघं भेटायला गेले होते. घरात सुतकी कळा. मुलीचे वडील म्हणाले, "काय सांगू सर, पोरीचं जमलेलं मोडलं." काकूंनी सरांच्या पायावर पाय दिला. पण ऐकतील ते सर कसले? "मोडलं नाई, कोणं मोडलं ते सांगा. पोराकडच्यानं का तुम्ही?" वडिलांचा चेहरा लाल झाला. "सर, नशिबाच्या गोठी..." एवढ्यात आतल्या खोलीतून पोरगीच बाहेर आली. हातात परात, हात कणकेनं भरलेले. म्हणाली, "म्या मोडलं. तो पितो. बाबाले दोनदा सांगितलं, ते म्हणाले सुधरन." झालं! वडिलांनी सरांना चहासुद्धा न देता वाटेला लावलं. पुढं दोन-तीन वर्षं त्या घरच्या पत्रिका आल्या नाहीत. काकू सांगताना अजून चिडायच्या. "पोरीनं आपल्या मनानं सांगितलं असतं उद्या-परवा. याहिले घाई." सर बाजूलाच बसलेले असायचे. ते म्हणायचे, "नसतं सांगितलं."

सर गेल्या थंडीत गेले. "गेले" म्हटलं की पुन्हा पंचाईत, तेच विचारतील, कुठं गेले? हृदय बंद पडलं, डॉक्टर म्हणाले. कोणी पाडलं ते कोण सांगणार? मी त्या दिवशी खूप रडले, आणि रडता रडता हसू येत होतं, त्याची मला लाज वाटली नाही.

त्यांच्या डाव्या हाताच्या तर्जनीचं एक पेर नव्हतं. त्याच्या तीन-चार कथा वडनेरात चालायच्या. कोणी म्हणे शिकाऊ पोरानं मशीन सुरू केलं, कोणी म्हणे बायकोशी भांडून कामावर गेले होते. मी सरळ विचारलं. ते म्हणाले, "म्या तोडलं. सुट्टीची वेळ झालती, जाळी न लावताच लेथ चालू केली." मग म्हणाले, "पण त्या दिवशी घरी तुह्या काकूले सांगितलं, तुटलं म्हणून. तेवढं एकच खोटं आहे माह्या नावावर." मला तेव्हा पहिल्यांदा हा माणूस आवडला.

आता माझी गोष्ट सांगते, कारण ती सांगितल्याशिवाय सर पुरे होत नाहीत.

आमच्या बारा बायांच्या बचत गटाला ट्रॅक्टर मिळाला, सोबत माती भुसभुशीत करायचा रोटावेटर. चालवणार कोण, हा प्रश्न आला. मला ट्रॅक्टर माहेरीच येत होता, भावाच्या मागं लागून शिकले होते. मी म्हटलं, मी चालवते. गटाच्या अध्यक्ष कुंदाबाई. त्यांचा दीर गजू आधीपासून त्या सीटवर डोळा ठेवून होता. पण बाकीच्या बाया माझ्या बाजूनं उभ्या राहिल्या आणि किल्ली माझ्याकडं आली. काय सांगू, लग्नात मंगळसूत्र गळ्यात पडलं तेव्हा एवढी ताठ चालले नसेन, तेवढी ती किल्ली कमरेला खोचून चालले. पारावरचे बाप्ये रोज काही ना काही टाकून बोलायचे. मी ऐकल्यासारखं करायची नाही. पण ऐकायची सगळं.

सोयाबीन निघालं होतं आणि हरभरा पेरायचा होता. जमिनीत ओल आहे तोवर रोटावेटर फिरला पाहिजे, ओल उडाली की आमची काळी जमीन विटेसारखी होते आणि हरभरा उगवत नाही. पाच जणींची वावरं झाली, सात राहिली. सहाव्या वावरात, यमुनाबाईच्या, मागून धाडकन आवाज आला. उतरून पाहते तर पीटीओचं झाकण लोंबकळलेलं आणि गिअरचं ऑइल भळाभळा मातीत. पीटीओ म्हणजे ट्रॅक्टरच्या मागं निघणारा फिरता दांडा, इंजिनची ताकद त्यातून रोटावेटरला मिळते. त्याच्याभोवतीचं बिडाचं झाकण चार बोल्टांवर असतं. चारही मोडले होते. डोकी मातीत, धडं आत.

मी सरांना फोन लावला. "सर, पीटीओचे चारी बोल्ट तुटले."

"चारी? सल्ला करून तुटले?"

"सर! वावरातली ओल उडून चालली, अन् तुम्ही मले बोलणं काय शिकवून राह्यले!" मी ओरडलेच.

सर म्हणाले, "ट्रॅक्टर उतारावर उभा कर, तोंड खाली. ऑइल पुढं जाईन, भोकं कोरडी राह्यतीन. येतो."

ते येईस्तोवर अर्धं गाव जमलं. गजू सगळ्यात पुढं, हाताची घडी घालून. "बायाइच्या हाती मशीन देल्लं तं असंच होते." कुंदाबाईंनी त्याला गप्प केलं नाही. उलट म्हणाल्या, "सांजच्याले विहारात बैठक घेऊ. ड्रायव्हरचं पक्कं ठरवून टाकू." सीट जाणार होती, हे मला त्या क्षणी कळलं. बोल्टांपेक्षा मला त्याचंच भ्याव वाटलं.

सर आले. तरट अंथरलं. डिझेलच्या चिंधीनं चारही भोकांची तोंडं पुसली, खिशातून भिंग काढलं आणि एकेका मोडक्या तोंडाकडं पाहत बसले. मी म्हटलं, "सर, सांगा याहिले. बोल्टच हलके होते. माही काही चूक नाई."

त्यांनी मला जवळ बोलावून भिंग दिलं. "पाह्य. हा काया भाग जुना. तडा गेलता, त्यात धूळ अन् ऑइल बसलं. अन् हा नखाएवढा पांढरा चमकते, तो आजचा. म्हणजे हा बोल्ट दोन-तीन दिसांपासून मोडून राह्यला होता. हा दुसराबी तसाच. तिसरा अर्धा-अर्धा. चौथा मात्र सगळा पांढरा, बिचाऱ्यानं एकट्यानं पेललं अन् एका झटक्यात गेला. बोल्ट हलके नाई. ढिले झालते, अन् खडखड खाऊन मोडले."

"म्हंजे बाईची चूक," गजू म्हणाला.

"तू बॅटरी धर," सर म्हणाले. "अन् हलवू नको." मग माझ्याकडं वळून, "धुऱ्यावर पलटताना रोटावेटर उचलती, तेव्हा पीटीओ बंद करत होती काय?"

इथं सांगायला पाहिजे. वावराच्या टोकाला वळताना रोटावेटर वर उचलायचा आणि पीटीओ बंद करायचा, हा नियम. चालू ठेवून उंच उचलला की दांडा तिरका होतो आणि सगळं मागचं अंग थरथरतं. पण बंद-चालू करण्यात दर वळणाला वेळ जातो, म्हणून आमच्याकडं कोणी बंद करत नाही. माझा भाऊ करत नव्हता. त्याच्याकडूनच मी शिकले.

"कोणीच करत नाई," मी म्हटलं. "हा गजूबी नाई करत."

"म्या गजूले नाई विचारलं. खडखड येत होती काय?"

सगळे माझ्या तोंडाकडं पाहत होते. कुंदाबाई, गजू, यमुनाबाई, सगळे.

"नाई," मी म्हटलं.

सरांनी भिंग खिशात ठेवलं. "बरं," म्हणाले, आणि कामाला लागले. दुसरं काही बोलले असते तर मला बरं वाटलं असतं.

पहिले दोन बोल्ट जेवणाच्या वेळेपर्यंत निघाले. मधोमध पंचानं खूण, त्यावर हातड्रिलनं बारीक भोक, भोकात चौकोनी खिळा ठोकायचा आणि खिळ्याला पाना लावून उलटा फिरवायचा. ऐकायला सोपं आहे. पण भोक जरा बाजूला सरकलं तर बिडातले आटे जातात, मग ट्रॅक्टर वर्कशॉपला आणि हंगाम गेला. सरांना विजेचं ड्रिल चालत नसे. "ते घाईचं यंत्र आहे," म्हणायचे. तिसरा निघाला तेव्हा दुपार कलली होती. बघे कंटाळून निघून गेले, गजू बॅटरी यमुनाबाईच्या हातात देऊन गेला. सरांनी चौथ्यावर पंच ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला, पुन्हा उचलला. मग चष्मा काढून पुसला.

"मले आता मधोमध दिसत नाई," ते म्हणाले. "तू धर."

"सर, मले नाई जमत."

"ट्रॅक्टर जमते, अन् हे नाई जमत? धर म्हणतो ना."

मी तरटावर बसले, ड्रिलचा दांडा छातीला टेकवला आणि फिरवायला लागले. सर बाजूला उकिडवे. फक्त तीन शब्द बोलायचे. "थांब." "डिझेल." "फिरव." लोखंडाचा बारीक चुरा बोटांवर पडत होता. खांदा भरून आला, मनगट सुजल्यासारखं झालं, पण मी ठरवलं की हा बोल्ट मीच काढणार, मग हात राहो की जावो. असा तासभर गेला असेल. माझं तोंड बिडाला टेकलेलं होतं, मागं बॅटरी धरून उभ्या असलेल्या यमुनाबाईला ऐकू जाणार नाही एवढ्या हळू मी म्हटलं, "सर, खडखड येत होती. दोन दिस."

"ड्रिल सरळ धर," सर म्हणाले.

मी फिरवत राहिले आणि बोलत राहिले. पहिल्याच दिवशी आवाज ऐकला होता. थांबवलं असतं, तर पारावरचे म्हणाले असते, पाहा, बाईचा ट्रॅक्टर दोन दिवसांत बंद पडला. म्हणून नाही थांबवलं. वाटलं, एवढं वावर होऊ दे. मग वाटलं, पुढचंही होऊ दे. त्या बाप्यांच्या भीतीनं मी गटाचा ट्रॅक्टर मोडला, आणि मघाशी सगळ्यांसमोर खोटं बोलले तेही त्याच भीतीनं. सांगताना मला स्वतःची एवढी चीड आली की डोळ्यांत पाणी आलं.

सरांनी सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं, आता म्हणतील, शाब्बास, खरं बोलली. ते म्हणाले, "मले सांगून काय फायदा? बोल्ट काय माहा आहे?"

भोक मधोमध उतरलं. खिळा ठोकला, पाना लावला, दोन्ही हातांनी ओढलं. हलेना. सर म्हणाले, "झटका नको देऊ. नुसता जोर ठेव, अन् वाट पाह्य." मी जोर ठेवला आणि वाट पाहिली. किती वेळ ते सांगता येत नाही. मग आतून कट् असा बारीक आवाज आला आणि बोल्ट फिरला. मी पोरीसारखी किंचाळले. यमुनाबाईच्या हातून बॅटरी पडली. नाही, तिनं पाडली. सर म्हणाले, "आता चहा."

नवे बोल्ट बसवून, ऑइल भरून, उजेड होता तोवर मी यमुनाबाईचं उरलेलं दोन एकर उरकलं, दर धुऱ्यावर पीटीओ बंद करून. मग हात-तोंड धुऊन, बरी साडी नेसून विहारात गेले.

बाराही बाया होत्या. गजू दाराशी टेकून उभा. कुंदाबाई म्हणाल्या, "झालं ते झालं. बोल्ट तुटले, त्याले कोणी काय करणार? पण पुढं असं होऊ नाई म्हणून ट्रॅक्टर गजूकडं द्यावा, असं माह्या मनात आहे." खरं तर त्यांनी मला सुटायला वाट दिली होती. मी गप्प बसले असते तर किल्ली गेली असती, पण अब्रू राहिली असती. आणि जरा भांडले असते तर किल्लीसुद्धा राहिली असती कदाचित, बोल्ट आपोआप ढिले झाले म्हणून.

मी उभी राहिले. "बोल्ट तुटले नाई," मी म्हटलं. "म्या तोडले. दोन दिस खडखड ऐकू येत होती, म्या थांबली नाई. धुऱ्यावर पीटीओ बंद केला नाई. अन् आज सकाळी सरांनं विचारलं, तेव्हा तुमच्यासमोर खोटं बोलली." किल्ली कमरेची काढून सतरंजीवर ठेवली. "तुम्ही ठरवा."

गजू दारातून हसला. "म्या काय म्हणत होतो? आपल्या तोंडानं कबूल झाली."

यमुनाबाई गटात सगळ्यात म्हातारी. दुपारपासून बॅटरी धरून तिचा हात दुखत होता, तो ती चोळत बसली होती. चोळत चोळतच तिनं विचारलं, "काहो गजूभाऊ, उद्या तुमच्या हातून बोल्ट मोडला, तं तुम्ही असं येऊन सांगसान काय आम्हाले?"

"माह्या हातून मोडनच कायले?" गजू म्हणाला.

"पाह्यलं का बायाहो," यमुनाबाई म्हणाली, "याच्या हातून तं कधी मोडनच नाई. म्हंजे आपल्याले कधी समजनच नाई."

आधी एक जण हसली, मग सगळ्याच. हात वर करायला सांगितलं तेव्हा माझ्या बाजूनं नऊ हात वर आले. कुंदाबाईंचा नव्हता, आणि आजही त्या माझ्याशी जेवढ्यास तेवढंच बोलतात. किल्ली यमुनाबाईनं उचलली आणि माझ्या हातात दिली. मी तिथं रडले नाही, घरी जाऊन रडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातवं वावर करायला निघाले, ते आधी ट्रॅक्टर वडनेरला वळवला. सर पेपर वाचत होते. मी दारातूनच सुरू झाले. बैठक, गजू, यमुनाबाई, नऊ हात, सगळं एका दमात. काकू पदर तोंडाला लावून हसत होत्या. सरांनी पूर्ण ऐकलं. पेपरची घडी घातली.

"काल नवे बोल्ट बसवल्यावर किती चालवला?"

"दोन एकर."

"मंग आज निघताना पाना लावून पाह्यला काय?"

नवे बोल्ट पहिल्या कामात जरा सैल होतात, ते आवळून पाहायचे असतात, आणि मी पाहिले नव्हते. आनंदात निघून आले होते. "सर, मी काय सांगून राह्यली, अन् तुम्ही काय विचारून राह्यले!" मी म्हटलं. रागच आला, दोन चांगले शब्द ऐकायला एवढ्या लांब आले होते. सर चष्म्यातून माझ्याकडं बघत बसले.

मी पाय आपटत बाहेर आले. टूलबॉक्समधून पाना काढला, रस्त्यावरच ट्रॅक्टरच्या मागं बसले. पहिला बोल्ट घट्ट. तिसरा घट्ट, चौथाही. दुसऱ्याला पाना लावला आणि तो फिरला. पाव फेरा, जास्त नाही. काल नऊ जणींनी माझ्यासाठी हात वर केले होते, आणि रात्र उलटली नाही तर मी न पाहता निघाले होते. मी तो हाताच्या जोरानं, बसेल तेवढाच आवळला. मग पाना काढून पुन्हा पहिल्यापासून चारही पाहिले.